वावरात मेंढ्या बसवाव्यात का?

काटोल तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलंय: "दरवर्षी कापसाची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाली की आमच्याकडे काठेवाडी आणि धनगरांचे कळप येतात. आबा होते तोवर खतासाठी रात्री आमच्या वावरात मेंढ्या बसवत. आता कळपांना गावाच्या शिवेत येऊ द्यायचं नाही, असा ठराव ग्रामसभेपुढे आहे. मेंढीच्या पायाने जमीन कडक होते, गवत मुळासकट जातं, रोगराई येते, असं लोक म्हणतात. तुम्ही ढोरांचे डॉक्टर, खरं काय ते सांगा. बाहेरच्या देशांत याचं काय करतात? की हे सगळं सोडून मी घरीच बंदिस्त बकऱ्या पाळू?"

आधी थेट उत्तर देतो. ठरावाला विरोध करा. पण कळप कसाही, केव्हाही, कुठूनही यावा असंही म्हणू नका. कळप यावा, तो बोलीवर, म्हणजे आधी ठरवलेल्या अटींवर, यावा आणि ती बोली कागदावर असावी. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर चौतीस वर्षं मी काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा या पट्ट्यात जनावरं तपासली. मेंढपाळ आणि शेतकरी यांची भांडणं मिटवायला कितीदा गेलो त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी मूळ एकच निघालं: जुनी बोली मोडली होती आणि नवी कुणी केली नव्हती.

तुमचे आबा मेंढ्या का बसवत, ते आधी पाहू. नोकरीच्या सुरुवातीला एका काठेवाडी डेऱ्यावर मी रात्रीचा मुक्काम केला होता. मेंढ्या व्यायला आल्या होत्या, दोन अडल्या होत्या. कापूस निघालेल्या वावरात जाळी लावून चारेकशे मेंढ्या कोंडल्या होत्या. रात्री दोनच्या सुमारास डेऱ्यावरचा म्हातारा उठला आणि काठी जमिनीवर हलकेच आपटत, तोंडाने आवाज करत जाळीतून आरपार चालत गेला. झोपलेल्या मेंढ्या उठल्या आणि उठल्या तिथेच मुतल्या, लेंड्या टाकल्या. मग त्याने सगळा कळप जाळीच्या दुसऱ्या अंगाला सरकवला आणि पुन्हा बसू दिला. सकाळी उजाडल्यावर पाहिलं तर लेंडी वावरभर सारखी पडलेली, मुठीने फेकून पेरावी तशी. मेंढी बसून उठली की मोकळी होते, हे त्या म्हाताऱ्याला पक्कं माहीत होतं. शेतकऱ्याला आपण खत विकतोय आणि ते सारखं पडलं पाहिजे, याची त्याला फिकीर होती.

एक मेंढी रात्रभरात ढोबळमानाने अर्धा किलो लेंडी टाकते. पाचशेचा कळप एकरावर दोन रात्री बसला की पाच क्विंटल लेंडी झाली. ती बंडीत भरायची नाही, वाहायची नाही, पसरायची नाही. लेंडीखतात नत्र साधारण ३ टक्के, स्फुरद १ टक्का आणि पालाश २ टक्के धरतात. उकिरड्यावरच्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. त्याहून मोठी गोष्ट मुताची आहे. कोठ्यातलं मूत नालीत जातं किंवा त्यातलं नत्र वाऱ्यावर उडतं. मेंढी बसवली की ते सरळ मातीत मुरतं. म्हणून कळप उठला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वखराची एक हलकी पाळी द्या. उन्हात आठ दिवस तसंच पडू दिलं तर त्यातला बराच भाग हवेत जातो. हे आबांना विचारलं असतं तर त्यांनीही सांगितलं असतं.

दुसरा फायदा नव्या काळातला आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं ते तुमच्या घराने पाहिलं असेल. ही अळी हंगामाच्या शेवटी पऱ्हाटीवर उरलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या वर्षी तिथूनच निघते. आपण फरदड घेतो, पऱ्हाटी मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवतो, म्हणजे तिला घरच बांधून देतो. नागपुरातच केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. हंगाम संपल्यावर वावरात मेंढ्या-बकऱ्या, ढोरं चारावीत, असं कापूस तज्ज्ञ सांगत आले आहेत. मेंढी पाला खाते, हिरवी-कवडी बोंडंही खाते आणि त्यातली अळी तिच्या पोटात जाते. त्यानंतर पऱ्हाटी उपटून टाकायची. फवारणीशिवाय होणारं हे काम आहे आणि वर खत मिळतं. फक्त शेवटच्या फवारणीनंतर लगेच कळप घालू नका. औषधाच्या डब्यावर जो थांबायचा काळ लिहिलेला असतो तो मेंढीलाही लागू आहे. कोवळ्या ज्वारीच्या खोडव्यात तर घालूच नका. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागून तासाभरात दहा-वीस मेंढ्या आडव्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

आता लोकांचे आक्षेप. त्यात खोटं सगळं नाही.

जमीन कडक होते, हे ओल्या काळ्या मातीबाबत खरं आहे. आपली माती चिकण, पावसाने फुगते. त्यावर शेकडो खुरं चालली तर वरचा थर दाबला जातो आणि तो सुकल्यावर ढेकूळ होतो. पण उन्हाळ्यात तीच माती भेगाळलेली, भुसभुशीत असते. तेव्हा खुरांनी वरचा थर फुटतो, नुकसान होत नाही. म्हणजे प्रश्न तारखेचा आहे. जानेवारीच्या शेवटापासून मृगाच्या आधीपर्यंत कळप चालेल. अवकाळी झाला तर वावर सुकेपर्यंत बाहेर.

गवत मुळासकट जातं, हेही अर्धं खरं. एकाच पडीकावर कळप दोन महिने ठेवला तर पवना, मारवेलसारखी चांगली गवतं संपतात आणि तरोटा, गाजरगवत वाढतं, कारण ते मेंढी खात नाही. पण फिरता कळप एका जागी थांबत नसतो. त्याला थांबावं लागतं ते पुढचा रस्ता बंद झाला म्हणून. आणि रस्ता कुणी बंद केला, हे आपण स्वतःला विचारलं पाहिजे.

संत्र्याच्या बागेचं म्हणाल तर तिथे मी पूर्णपणे शेतकऱ्याच्या बाजूने आहे. बकरीने साल सोलली की झाड वर्षभर आजारी पडतं आणि ठिबकच्या नळ्यांवर कळप गेला की हजारोंचं नुकसान होतं. तुमच्या भागात बागा वाढल्या, विहिरींवर हरभरा-गहू आला. पूर्वी दिवाळीनंतर जे शिवार मोकळं पडायचं ते आता तुकड्यातुकड्याने हिरवं असतं. मेंढपाळाची मेंढी आडमुठी झालेली नाही, तिची वाट बारीक झाली.

रोगराईबद्दल एक प्रसंग सांगतो. नरखेडकडच्या एका गावात जानेवारीत बकऱ्या पटापट मरायला लागल्या. नाकातून घट्ट शेंबूड, डोळे चिकटलेले, तोंडात फोड, तोंड उघडलं की सडका वास, आणि संडास पाण्यासारखी. पीपीआर, म्हणजे बकऱ्या-मेंढ्यांची बुळकांडी. गावाने ठरवूनच टाकलं होतं की हे काठेवाड्यांनी आणलं. मी पोचलो तेव्हा पन्नासेक माणसं काठ्या घेऊन डेऱ्याभोवती उभी होती, आणि आत बाया लेकरांना कवटाळून बसल्या होत्या. मी आधी कळपात शिरलो. मेंढी दोन पायांत धरून खालची पापणी अंगठ्याने ओढायची आणि आतला रंग पाहायचा. लालसर असेल तर रक्त चांगलं. पांढरीफटक असेल तर पोटात जंत, आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी आलीय का तेही हाताने चाचपायचं. चाळीस-पन्नास मेंढ्या मी अशा पाहिल्या. एकीच्याही तोंडात फोड नव्हता, ताप नव्हता. मेंढपाळाने कापडात गुंडाळलेला कागद दाखवला: लसीकरण झालेलं होतं.

मग मी गावात घरोघर फिरलो. तिसऱ्या गल्लीत एका कोठ्यात एक बोकड होता, आठ-दहा दिवसांपूर्वी आठवडी बाजारातून आणलेला. पहिली मेलेली बकरी त्याच्या शेजारच्या खुंट्यावरची. पीपीआरचा संसर्ग झाला की चार ते सहा दिवसांत लक्षणं दिसतात. हिशोब जुळत होता. मी चौकात उभा राहून ते सगळ्यांसमोर सांगितलं. काठ्या खाली गेल्या, पण तोवर डेऱ्यावरची तीन कोकरं पळापळीत तुडवली गेली होती. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

फिरता कळप रोग आणतच नाही, असं मात्र नाही. तो रोग आणू शकतो आणि गावातून घेऊनही जाऊ शकतो. म्हणून लस दोन्हीकडे हवी. पीपीआरची एक लस निदान तीन वर्षं टिकते. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी दरवर्षी द्यावी लागते. ढोरांची बुळकांडी लसीच्या जोरावर जगातून हद्दपार झाली आणि २०११ मध्ये तशी घोषणाही झाली. पीपीआर २०३० पर्यंत संपवायचं जगाचं उद्दिष्ट आहे. ते कळपांना शिवेबाहेर ढकलून साधणार नाही, कारण हाकललेला कळप लस टोचायला सापडत नाही.

आता वाटेचं. तुमच्या गावाला पांदण आहे का? असेल, आणि दोन्ही बाजूच्या धुऱ्यांनी ती खाल्लीही असेल. पांदण ही आधी ढोरांची वाट होती. गावची ढोरं सकाळी आखरावर जमायची, ढोरकी त्यांना पांदणीने चराईला न्यायचा. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या गोवारी समाजाने केलं. बलिप्रतिपदेला गायगोधन होतं, ढाल निघते, तेव्हा त्या कामाचा मान दिसतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच समाजाचा मोर्चा नागपुरात आला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. सीताबर्डीत त्यांचं स्मारक आहे. तिथून जाताना मला नेहमी वाटतं की गावाची चराई सांभाळणाऱ्या माणसाची आठवण आपण एवढीच ठेवली.

मध्य प्रांताच्या काळात गावोगावी निस्तार पत्रक होतं. कुठे चरायचं, कुठून सरपण घ्यायचं, कुठली जागा गावाची, हे त्यात लिहिलेलं असे. पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल त्यातलंच. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून ते ८६ हजार हेक्टरांच्या वर आहे. नाव जंगल असलं तरी झुडपांची, गवताची ही जमीन ढोरं चारायची होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच मानायचं असा निर्णय दिला. वनाचं संरक्षण व्हायलाच हवं. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा हक्कही लिहिलेला आहे, आणि गावात त्याबद्दल बोलणारा माणूस क्वचित भेटतो. कोंडवाडा मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. जनावर वावरात शिरलं की धरून कोंडवाड्यात घाला, हा कायदा १८७१ चा. इंग्रजांचं राज्य जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाटेची नोंद लोक विसरले आणि दंडाची लक्षात ठेवली.

बाहेरच्या देशांचं विचारलंत. मेंढी माणसाळली त्याला दहा हजारांहून जास्त वर्षं झाली. आजच्या तुर्कस्तान-इराणच्या डोंगरपट्ट्यात ते घडलं. तेव्हाची मेंढी केसाळ होती आणि लोक ती मांसासाठी पाळत. लोकरीची मेंढी हजारो वर्षांनी घडली. शेती आणि कळप एकाच भागात वाढले, तेव्हा त्यांचं भांडणही तितकंच जुनं समजा. ते कुणी कसं मिटवलं, ते महत्त्वाचं.

स्पेनमध्ये राजा दहावा अल्फोन्सो याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या संघाला, म्हणजे मेस्ताला, सनद दिली. उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरात आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या कुरणात कळप न्यायच्या वाटा राजाच्या संरक्षणाखाली आल्या. मोठ्या वाटेची रुंदी सुमारे ७५ मीटर. पण पुढे मेंढपाळांचं पारडं इतकं जड झालं की शेतकरी शतकानुशतकं पिचला. शेवटी १८३६ मध्ये मेस्ता बरखास्त झाली. वाटा मात्र कायद्याने राहिल्या. १९९५ च्या कायद्याने त्या सार्वजनिक मालमत्ता ठरल्या आणि त्यांची लांबी सव्वा लाख किलोमीटरच्या घरात सांगतात. १९९४ पासून दर शरदात माद्रिद शहराच्या मधून मेंढ्यांचा कळप नेतात. १४१८ च्या करारानुसार हजार मेंढ्यांमागे ५० माराव्हेदी, म्हणजे तिथली जुनी नाणी, नगरपालिकेला मोजतात. सहाशे वर्षांपूर्वीची बोली ते आजही पाळून दाखवतात. आपली पांदण गावनकाशावर दिसते आणि जागेवर सापडत नाही.

उलटं उदाहरण स्कॉटलंडचं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या जमीनदारांनी डोंगरातली कुळं उठवली आणि त्या जागी मेंढ्या घातल्या, कारण लोकरीत पैसा होता. शेतकरी देशोधडीला लागले, हजारो कॅनडाला गेले. म्हणून मेंढी नेहमी गरिबाच्याच बाजूची असते असं मी म्हणणार नाही. कळप कोणाचा आणि करार कोणी केला, यावर सगळं ठरतं.

आपल्या सगळ्यात जवळचं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतलं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला फुलानी पशुपालक कापणी झालेल्या शेतात जनावरं बसवतात. शेतकरी त्यांना धान्य, पाणी किंवा पैसे देतो. अगदी आबांचीच पद्धत. तिथल्या पंधरा-सोळा देशांच्या संघटनेने १९९८ मध्ये सीमा ओलांडणाऱ्या कळपांसाठी एक दाखला ठरवला: जनावरं किती, लस कोणती झाली, कळप कुठल्या वाटेने जाणार. तिकडे आता हिंसाचारही मोठा आहे, हे खरं. पण कागदाची कल्पना आपल्या ग्रामसभेने उचलण्यासारखी आहे. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. ठरावाच्या मसुद्यात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

मसुद्यात काय असावं? कळप यायची आणि जायची तारीख. कुठल्या पांदणीने येणार आणि कुठल्या ठिकाणी पाणी पाजणार. बागा, ठिबकची वावरं आणि उभं रब्बी पीक यांची यादी, आणि तिथे कळप शिरला तर भरपाई किती व ती कोण ठरवणार. हे ठरवणाऱ्यांत मेंढपाळांचाही एक माणूस हवा, नाहीतर ती भरपाई नसून खंडणी होते. फवारलेल्या वावरावर शेतकऱ्याने काठीला लाल फडकं बांधायचं. न बांधल्यास मेंढी मेली तर जबाबदारी त्याची. कळपाचा लसीचा कागद आल्या दिवशी दवाखान्यात दाखवायचा, आणि त्याच आठवड्यात गावातल्या बकऱ्यांनाही लस टोचून घ्यायची. मेलेलं जनावर पुरायचं, नाल्यात फेकायचं नाही. गाभटलेल्या मेंढीचा गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, त्यातून माणसाला ताप लागतो जो महिनोन्‌महिने जात नाही. बसवायचा दर रात्रीचा की मेंढीमागे, तो कळपाच्या मुखियाशी बसून ठरवा. पूर्वी ज्वारी देत, आता रोख मागतात. त्यात घासाघीस फार करू नका.

बंदिस्त बकऱ्यांबद्दल थोडक्यात. पाळा, पण मेंढीला पर्याय म्हणून नको, घरच्या जोडधंद्यासाठी पाळा. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात बकऱ्या एक कोटीच्या वर आणि मेंढ्या सत्तावीस लाखांच्या आसपास होत्या. बकरी अंगणात जगते, मेंढीला चालावं लागतं. चालणं बंद केलेल्या मेंढीची खुरं वाढतात आणि सडतात. सुरुवात दहा बेरारी बकऱ्यांनी करा. ती आपल्या उन्हात टिकणारी विदर्भाची जात आहे. बाहेरची भारी अंगाची जात फोटो पाहून विकत घेऊ नका. बाजारात ओठ वर करून दात पाहा. दोन दाती, चार दाती घ्या, जुळलेली, म्हणजे सगळे दात आलेली, नको. पापणी कशी पाहायची ते वर सांगितलंच आहे. तूर-हरभऱ्याचं कुटार घरचं किती निघतं ते आधी मोजा, मगच संख्या वाढवा. ढेप विकत आणून चालवलेला धंदा वर्षभरात बसतो.

ग्रामसभेत बोलण्याआधी एक काम करा. यंदा कळप आला की दोन रात्री तुमच्या वावरात बसवा, पण एका कडेचा अर्धा एकर जाळीबाहेर ठेवा. दोन्हीकडे बियाणं तेच, रासायनिक खत तितकंच, पेरणी एकाच दिवशी. ऑगस्टमध्ये पऱ्हाटी पात्यावर आली की ठरावाच्या बाजूच्या दोन-तीन जाणत्या माणसांना धुऱ्यावर घेऊन या, आणि कुठली बाजू कुठली ते न सांगता त्यांनाच ओळखायला लावा.